हुकूम कोणी दिला?
वीज आणि पाणी यंत्रणांवरील संगणकीय पहाऱ्याविषयी

दिवेलागणीला बटण दाबले की दिवा लागतो, यात आता कोणाला नवल वाटत नाही. कंदिलाच्या काचा राखेने पुसणारी पिढी अद्याप आपल्यात आहे. परंतु तिलाही वीज ही पावसासारखी आपोआप येणारी वस्तू वाटू लागली असून, पावसासारखीच ती मधूनमधून दडी मारते एवढीच तक्रार शिल्लक राहिली आहे. ही वीज घरापर्यंत कोणाच्या हुकुमाने येते आणि कोणाच्या हुकुमाने थांबते, हा प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाही. प्रस्तुत लेख त्याच प्रश्नाविषयी आहे.

गोव्यात वीजनिर्मितीची मोठी केंद्रे नाहीत. आपल्या वापरातील बहुतेक वीज देशाच्या अन्य भागांत निर्माण होऊन महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या सीमा ओलांडून उच्चदाब वाहिन्यांवरून येथे येते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी कार्यान्वित झाली आणि दक्षिण विभाग उर्वरित देशाशी जोडला गेला. तेव्हापासून संपूर्ण भारताचे वीजजाळे एकाच लयीत, सेकंदास ५० आवर्तने या गतीने, चालत आहे. एवढा मोठा गाडा एका तालात हाकावयाचा म्हणजे ठिकठिकाणच्या उपकेंद्रांना क्षणोक्षणी आदेश द्यावे लागतात: अमुक वाहिनी जोडा, तमुक तोडा, या रोहित्रावरील भार कमी करा.

पूर्वी हे आदेश माणूस माणसाला देत असे. उपकेंद्रातील ऑपरेटरला दूरध्वनी येई. तो समोरच्याचा आवाज ओळखी, आदेश पुन्हा उच्चारून दाखवी, जाडजूड नोंदवहीत वेळ व कारण लिही आणि मगच ब्रेकरच्या मुठीला हात घाली. (वीज खात्याच्या भाषेत ब्रेकर ‘उघडला’ म्हणजे वीज बंद झाली आणि ‘मिटला’ म्हणजे सुरू झाली, असा नळाच्या नेमका उलट प्रकार असतो. प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर असल्याने ही गोष्ट समजावयास त्यास दोन भेटी खर्चाव्या लागल्या.) या पद्धतीत वेळ जाई, चुकाही होत, पण हुकूम देणारा ओळखीचा असे.

आता बहुतेक मोठ्या उपकेंद्रांत एक लोखंडी कपाट असते. त्यातील यंत्र ब्रेकरची स्थिती, विजेचा दाब आणि वाहिनीवरील भार यांची माहिती दूरच्या नियंत्रण कक्षाला सतत कळवत राहते व तेथून आलेला आदेश पाळते. या सर्व व्यवस्थेस ‘स्काडा’ असे म्हणतात. पाणीपुरवठा योजनांतही हीच व्यवस्था असते. तेथे ब्रेकरच्या जागी पंप, झडपा आणि औषधे मिसळण्याची यंत्रे असतात. शंभर किलोमीटरवरील उपकेंद्र खुर्चीवरून न उठता चालवता येते, बिघाड कोठे आहे ते चटकन कळते, आणि भर पावसात रात्री माणसाला गाडी घेऊन धावावे लागत नाही. हा लाभ लहान नाही.

मात्र यात एक उणीव प्रारंभापासूनच राहून गेली. ही यंत्रे ज्या सांकेतिक भाषांत परस्परांशी बोलतात, त्यांतील कित्येक भाषा फार जुन्या आहेत. ‘मॉडबस’ नावाची अशीच एक भाषा १९७९ साली अमेरिकेतील मोडिकॉन या कंपनीने तयार केली आणि ती आजही जगभरच्या कारखान्यांत व पाणी योजनांत वापरात आहे. त्या काळी यंत्रे एकाच आवारात, एकाच तारेने जोडलेली असत. बाहेरचा कोणी त्या तारेवर येऊन बोलेल अशी कल्पनाच नव्हती. त्यामुळे ‘तू कोण?’ असे विचारण्याची सोय त्या भाषेत ठेवलेली नाही. पंप बंद कर, असा योग्य शब्दांत निरोप आला की यंत्र पंप बंद करते. निरोप कोणाचा, हे ते पाहत नाही. पुढे ही आवारे कार्यालयांच्या संगणकांना जोडली गेली, कार्यालये इंटरनेटला जोडली गेली, आणि जुन्या ऑपरेटरने आवाजावरून जी ओळख पटवली असती ती पटवण्यास मध्ये कोणीच उरले नाही.

ही रिकामी जागा भरून काढण्यासाठी जी नोकरी निर्माण झाली तिचे नाव सायबर सुरक्षा विश्लेषक. नाव भारदस्त आहे. काम मात्र रात्रीच्या रखवालदाराच्या कामाशी नाते सांगणारे आहे. वीज वा पाणी कंपनीच्या संगणकजाळ्यात कोण आले, कोठून आले, कशाला हात लावला, हे अहोरात्र पाहत राहणे आणि प्रत्येक संशयास्पद हालचालीसंबंधी ‘हा हुकूम कोणी दिला?’ असे विचारणे, हे त्याचे मुख्य कर्तव्य होय. बँकेतील विश्लेषकास पैशाची व ग्राहकांच्या गुप्त माहितीची चिंता असते. वीज कंपनीतील विश्लेषकाला तीही असते. परंतु त्याची पहिली चिंता दिवा चालू राहण्याची असते. यामुळे त्याला काही पथ्ये पाळावी लागतात. बँकेत संशय येताच संगणक तत्काळ बंद करता येतो. उपकेंद्रात तसे केल्यास रक्षणासाठी उचललेल्या पावलानेच गाव अंधारात जाण्याचा संभव असतो.

हा धोका केवळ पुस्तकी नाही, हे जगाला युक्रेनमध्ये दिसून आले. घटना २३ डिसेंबर २०१५ ची, ऐन हिवाळ्यातील. दुपारचे साडेतीन वाजून गेले होते. पश्चिम युक्रेनमधील इव्हानो-फ्रांकिव्स्क भागाला वीज पुरवणाऱ्या कंपनीच्या नियंत्रण कक्षात संगणकाच्या पडद्यावरील बाण आपोआप हलू लागला. माऊसला कोणाचाही हात नव्हता. बाण एकेका ब्रेकरच्या चित्रावर जाई, तो उघडण्याचा आदेश देई आणि पुढे सरके. ऑपरेटरने बाण परत ओढण्याचा प्रयत्न केला, पण यंत्र त्याचे ऐकेना. थोड्याच वेळात त्याला त्याच्याच संगणकाबाहेर काढण्यात आले. त्या दुपारी अशा तीन वितरण कंपन्यांवर एकाच वेळी घाला घालण्यात आला होता. सुमारे ३० उपकेंद्रे बंद पडली आणि सुमारे २ लाख २५ हजार ग्राहक १ ते ६ तास विजेविना राहिले.

पुढे झालेल्या तपासात जे निष्पन्न झाले ते प्रत्येक कार्यालयाने वाचावे असे आहे. ही दुपार हल्लेखोरांनी कित्येक महिने आधीपासून तयार केली होती. कंपन्यांतील कर्मचाऱ्यांना ई-मेल आले. सोबत एक साधे कार्यालयीन कागदपत्र जोडलेले होते. ते उघडल्यावर ‘मजकूर पाहण्यासाठी परवानगी द्या’ अशा अर्थाची सूचना येई. कोणीतरी परवानगी दिली आणि ‘ब्लॅकएनर्जी’ या नावाने ओळखला जाणारा घातक प्रोग्राम आत शिरला. पुढील महिन्यांत हल्लेखोर कार्यालयाच्या संगणकांतून शांतपणे फिरले, कर्मचाऱ्यांचे पासवर्ड गोळा केले आणि कर्मचारी ज्या मार्गाने दुरून नियंत्रण यंत्रणेत येत असत त्याच मार्गाने, खऱ्या नावांनी व खऱ्या पासवर्डने, आत गेले. कुलूप फोडण्याची त्यांना गरज पडली नाही. किल्ली त्यांच्या खिशात होती. त्या मार्गावर पासवर्डखेरीज दुसरी कोणतीही खूण विचारली जात नव्हती.

हल्ल्याच्या दिवशी त्यांनी ब्रेकर उघडण्यावर समाधान मानले नाही. नियंत्रण कक्षाची राखीव वीज बंद होईल अशी व्यवस्था करून ठेवली. ग्राहकांच्या तक्रारी पोहोचू नयेत म्हणून कंपनीचा दूरध्वनी खोट्या कॉलनी भरून टाकला. उपकेंद्रातील निरोप पोहोचवणाऱ्या लहान यंत्रांचे अंतर्गत प्रोग्राम पुसून ती निकामी केली, आणि जाताजाता संगणकांतील माहितीही नष्ट केली.

तरीही सहा तासांच्या आत सर्वांची वीज परत आली. याचे कारण तेथील यंत्रणा जुनी होती आणि जुन्या माणसांना ती हाताने चालवता येत होती. कर्मचारी गाड्या काढून उपकेंद्रांवर गेले आणि त्यांनी ब्रेकर हाताने मिटवले. निकामी झालेली यंत्रे बदलून नियंत्रण कक्ष पूर्ववत होण्यास मात्र पुढे कित्येक महिने लागले. आधुनिकीकरणाच्या प्रत्येक प्रस्तावावर सही करणाऱ्या अधिकाऱ्यांनी या एका गोष्टीचा विचार करावा असे नम्रपणे सुचवावेसे वाटते: सर्व काही दुरून चालू लागल्यावर उपकेंद्रातील ती मूठ आणि ती फिरवता येणारा माणूस या दोहोंना निवृत्त करणे परवडणारे आहे काय?

पुढील वर्षी, १७ डिसेंबर २०१६ रोजी, राजधानी कीव्हजवळील एका पारेषण उपकेंद्रावर पुन्हा हल्ला झाला व शहराच्या काही भागात सुमारे तासभर वीज गेली. या खेपेस पडद्यावर बाण फिरवणारा हात नव्हता; ‘इंडस्ट्रॉयर’ असे नाव पडलेल्या प्रोग्रामला उपकेंद्राची सांकेतिक भाषाच बोलता येत होती. एप्रिल २०२२ मध्ये, युद्ध सुरू असताना, त्याच प्रोग्रामची सुधारित आवृत्ती पुन्हा पाठवण्यात आली. ती मात्र वेळीच पकडून निष्प्रभ करण्यात आल्याचे तेथील शासकीय यंत्रणेने जाहीर केले. ती बातमी वृत्तपत्रांत लहान आली. दिवे गेले नाहीत, म्हणून बातमीही झाली नाही. या व्यवसायातील यशाचे स्वरूप असेच असते.

हे काम प्रत्यक्ष कसे चालते ते पाहावे या हेतूने प्रस्तुत लेखकाने एका वीज वितरण कंपनीच्या देखरेख कक्षात एक रात्र काढली. कंपनीचे आणि तेथील कर्मचाऱ्यांचे नाव देता येत नाही. कामाचे स्वरूपच तसे आहे. पाळीवर डिचोली तालुक्यातील एक तरुण अभियंता होती. भिंतीवर मोठे पडदे, टेबलावर दोन संगणक, एक साधा दूरध्वनी आणि एक कागदी नोंदवही. संगणकाच्या या राज्यात नोंदवही कशासाठी, असे विचारता ती म्हणाली, “सर, संगणकावरच संशय असेल तेव्हा लिहायचं कुठे?”

कंपनीतील प्रत्येक संगणक, प्रत्येक दरवाजा आपापली हकिगत सतत लिहीत असतो: कोण आले, किती वाजता, कोणती फाईल उघडली, कोणाचा पासवर्ड चुकला. या नोंदी दिवसाला लाखोंनी जमा होतात. एक प्रोग्राम त्या चाळून संशयास्पद वाटतील तेवढ्या बाजूला काढतो, आणि त्या विश्लेषकाने पाहावयाच्या असतात. त्यांपैकी बहुतेक निरुपद्रवी निघतात. कोणी रजेवरून आल्यावर पासवर्ड विसरलेला असतो. कोणी घरचा पेनड्राईव्ह कार्यालयात लावलेला असतो. शंभर वेळा काही नसते, म्हणून एकशे एकाव्या वेळी न पाहता पुढे जाण्याचा मोह होतो. तो न होऊ देणे हाच या नोकरीतील खरा श्रम आहे, असे ती म्हणाली.

पहाटे पावणेतीनच्या सुमारास पडद्यावर एक ओळ पिवळी झाली. एका दूरच्या उपकेंद्रात, देखभाल करणाऱ्या कंत्राटदाराच्या एका माणसाचे खाते वापरून कोणीतरी संरक्षक रिलेच्या मांडणीत शिरले होते. रिले म्हणजे बिघाड होताच ब्रेकरला उघडावयास लावणारे यंत्र. त्यातील आकडे बदलले, तर बिघाड नसताना वीज जाईल किंवा, याहून वाईट म्हणजे, बिघाड असूनही जाणार नाही आणि रोहित्र जळेल. त्या रात्री तेथे काम असल्याची नोंद कोठेही नव्हती. तिने खाते बंद केले नाही. प्रथम दूरध्वनी उचलला.

“काका, देखरेख कक्षातून बोलतेय. रिलेला आत्ता कोणी हात लावलाय का?”

पलीकडचा आवाज झोपेतला नव्हता. “होय ताई, रिलेवाला इंजिनिअर आलाय. सांजेपासून हितंच हाय. गाडी बंद पडली म्हणून उशीर झाला त्याला.”

“परवाना दाखवला का त्यानं? नाव काय सांगितलं?”

नाव निराळे निघाले. आलेला माणूस खरा होता, काम खरे होते. पण तो स्वतःचा पासवर्ड विसरल्याने सहकाऱ्याच्या नावाने आत शिरला होता. तिने काम थांबवावयास सांगितले, वरिष्ठांस कळवले, रिलेतील आकडे आधीच्या नोंदींशी ताडून पाहिले आणि मगच त्याला त्याच्या स्वतःच्या नावाने परवानगी मिळाली. सर्व मिळून पाऊण तास गेला. इंजिनिअर बराच वैतागला असावा. हल्ला नव्हताच, मग एवढा खटाटोप कशासाठी, असे एखाद्यास वाटेल. पण युक्रेनमधील हल्लेखोरही खऱ्या कर्मचाऱ्यांच्या नावानेच आत आले होते. दुसऱ्याच्या नावाने आत जाणे ही रीत एकदा पडली, की चोर आणि सहकारी यांतील फरक पडद्यावर दिसेनासा होतो.

आपल्याच माणसाकडून होणारा घात हा वेगळा अध्याय आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्यात, मरुची परिसरात, २००० साली सांडपाण्याचे पंप कारणाशिवाय बंद पडू लागले. नवी यंत्रणा नीट बसली नसावी असे समजून अभियंते बरेच दिवस बिघाड शोधत राहिले. प्रत्यक्षात ती यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीतून बाहेर पडलेला आणि स्थानिक संस्थेने नोकरी नाकारलेला एक माणूस मोटारीत रेडिओ-यंत्र व संगणक घेऊन फिरत होता आणि पंपांना आदेश देत होता. सुमारे ८ लाख लिटर सांडपाणी ओढ्यांत, उद्यानांत व एका हॉटेलच्या आवारात पसरले. २००१ मध्ये त्यास दोन वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. कर्मचारी किंवा कंत्राटदार काम सोडतो त्या दिवशीच त्याच्या सर्व परवानग्या काढून घेणे ही बाब आस्थापना शाखेची वाटते. वस्तुतः ती सुरक्षेची आहे.

आपल्या राज्यालाही या विषयाची झळ लागून गेली आहे. प्रमुख नद्यांवर १५ ठिकाणी पाण्याची पातळी व पाऊस मोजून माहिती पाठवणारी पूर-निरीक्षण यंत्रणा जलस्रोत खात्याने उभारलेली होती. २१ जून २०२२ रोजी, मध्यरात्रीनंतर, तिच्या पणजी येथील सर्व्हरवर खंडणीखोर प्रोग्रामचा हल्ला झाला. सर्व फाईली सांकेतिक कुलपात बंद झाल्या आणि त्या उघडण्यासाठी बिटकॉइन या आभासी चलनात पैसे मागण्यात आले. सर्व्हर चोवीस तास इंटरनेटला जोडलेला होता आणि त्यावरील संरक्षक प्रोग्राम पुरेसे नव्हते, असे त्या वेळी समोर आले. खात्याने पोलिसांच्या सायबर कक्षाकडे तक्रार नोंदवली. नद्या आपल्या गतीने वाहत होत्या. पण पावसाळ्याच्या तोंडावर त्यांची आधीची मोजमापे पाहणे अशक्य झाले. साखळीच्या बाजारपेठेत वाळवंटीचे पाणी शिरताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या मोजमापांचे मोल सांगावयास नको.

मात्र दिवे गेले की लगेच ‘सायबर हल्ला’ असे म्हणणेही योग्य नव्हे. वाहिनीवर पडलेली फांदी, जुने इन्सुलेटर, वीज कोसळणे आणि माणसाची चूक हीच बहुतेक वेळा कारणे असतात. ३० व ३१ जुलै २०१२ रोजी देशाचा मोठा भाग अंधारात गेला, तो कोणत्याही हल्ल्यामुळे नव्हे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई व परिसरातील वीज गेली तेव्हाचा वाद उद्बोधक आहे. भारताच्या वीज संस्थांच्या जाळ्यांत चीनशी संबंधित गटाचा शिरकाव झाल्याचा अहवाल एका अमेरिकी खासगी संस्थेने फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस दिला. पण मुंबईच्या घटनेशी त्याचा संबंध सिद्ध झाला नसल्याचे त्या अहवालातच म्हटले होते. महाराष्ट्र शासनाने सायबर घातपाताची शक्यता वर्तवली. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक हे कारण सांगितले. अशा प्रसंगी पुरावा काय आहे आणि काय नाही, हे अधिकाऱ्यांस रुचो वा न रुचो, स्पष्ट लिहून देणे हेही विश्लेषकाचेच काम आहे.

अमेरिकेतील ओल्डस्मार या गावी ५ फेब्रुवारी २०२१ रोजी पाणी शुद्धीकरण केंद्रात कॉस्टिक सोड्याचे प्रमाण १०० वरून ११,१०० भाग इतके वाढवण्याचा आदेश पडद्यावर दिला गेला. समोर बसलेल्या ऑपरेटरने तो तत्काळ रद्द केला. जगभर ही घटना बाहेरचा हल्ला म्हणून गाजली. २०२३ मध्ये त्या गावच्या माजी प्रशासकाने मात्र ती कर्मचाऱ्याची चूक असल्याचे सांगितले. हल्ला असो वा चूक, पडद्याकडे लक्ष असलेला माणूस तेथे होता आणि त्याला शंभर व अकरा हजार यांतील फरक कळत होता. ओपा, अस्नोडा वा साळावलीचे पाणी पिणाऱ्या आपणांस एवढे पुरेसे आहे.

शासनस्तरावर याविषयी व्यवस्था झालेली आहे. संगणकीय आणीबाणीकडे पाहणारी ‘सर्ट-इन’ ही केंद्रीय संस्था २००४ पासून कार्यरत आहे. वीज, बँका, दूरसंचार अशा अत्यावश्यक यंत्रणांच्या रक्षणासाठी २०१४ मध्ये स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२१ मध्ये वीज क्षेत्रासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. प्रत्येक संस्थेत माहिती सुरक्षा अधिकारी नेमणे, नियंत्रण यंत्रणा इंटरनेटपासून अलग ठेवणे आणि यंत्रसामग्री विश्वसनीय पुरवठादारांकडूनच घेणे, या त्यांतील प्रमुख गोष्टी होत. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवणे आणि संगणकांच्या नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. हल्ला झाल्याचे लपवून ठेवण्याकडे कार्यालयांचा जो स्वाभाविक कल असतो, त्याला या सहा तासांनी आळा घातला आहे. निदान घालावा अशी अपेक्षा आहे.

शिक्षकांकडून वारंवार विचारले जाते की विद्यार्थ्याने या क्षेत्रात कसे जावे. एकच ठरीव मार्ग नाही. संगणक, इलेक्ट्रॉनिक्स वा विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन पुढे सायबर सुरक्षेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करणारे अधिक आढळतात. सी-डॅक या शासकीय संस्थेचे असे अभ्यासक्रम आहेत. परंतु वीज कंपनीत नुसते संगणकज्ञान अपुरे पडते. रिले कसा चालतो, रोहित्र का तापते, उपकेंद्रात परवान्याची पद्धत काय, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच कोणता आदेश असंगत आहे ते कळते. उलट, वर्षानुवर्षे उपकेंद्रात काम केलेले कर्मचारी थोड्या प्रशिक्षणाने या कामात चांगले तयार झाल्याची उदाहरणे सांगितली जातात. डिचोलीच्या त्या अभियंतेला सर्वांत उपयोगी विषय कोणता ठरला असे विचारले, तेव्हा तिने निबंधलेखनाचा तास सांगितला. रात्री काय घडले ते सकाळी वरिष्ठांना एका पानात, न घाबरवता व काहीही न लपवता, लिहून द्यावे लागते. कलाशाखेच्या पदवीधराला हे ऐकून बरे वाटले, हे कबूल केले पाहिजे.

पाळीची कामे रात्रीची असतात आणि जबाबदारीच्या मानाने कौतुक थोडे. लग्नसमारंभात कोणी नोकरीविषयी विचारले, तर ‘वीज कंपनीत आहे’ एवढेच ती सांगते. त्यावर लोक मीटर वाचण्याविषयी किंवा वाढीव बिलाविषयी गाऱ्हाणी मांडतात.

बिलाचा विषय निघालाच आहे, तर ग्रामस्थांचा या पहाऱ्याशी जेथे थेट संबंध येतो ते सांगितले पाहिजे. २०२२ च्या सुमारास देशभर मोबाईलवर एक संदेश फिरू लागला: मागील महिन्याचे बिल नोंदले गेले नसल्याने आज रात्री साडेनऊ वाजता आपली वीज तोडण्यात येईल, तत्काळ अमुक क्रमांकावर अधिकाऱ्यांशी बोला. घाबरून दूरध्वनी केला की पलीकडचा ‘अधिकारी’ एक ॲप मोबाईलवर घ्यावयास सांगतो आणि दहा रुपये भरावयास लावतो. त्या ॲपमुळे आपला पडदा त्याला दिसतो आणि बँक खाते रिकामे होते. येथे ब्रेकरच्या जागी आपला मोबाईल आहे, एवढाच फरक. थकबाकीविषयी शंका असल्यास बिलावर छापलेल्या क्रमांकावर अथवा जवळच्या वीज कार्यालयात स्वतः चौकशी करावी, कोणाच्याही सांगण्यावरून ॲप घेऊ नये आणि ओटीपी सांगू नये. फसवणूक झालीच, तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे. पहिल्या काही तासांत कळवल्यास पैसे मध्येच अडवता येण्याची शक्यता अधिक असते.

देशात सुमारे २५ कोटी स्मार्ट मीटर बसवण्याची योजना केंद्र शासनाने २०२१ मध्ये हाती घेतली. या मीटरला दुरून वीज तोडण्याचा व जोडण्याचा आदेश देता येतो. म्हणजे आजवर उपकेंद्राच्या कुंपणाआड असलेला तो प्रश्न आता प्रत्येक घराच्या ओसरीवर येत आहे, आणि पहाऱ्यावरील माणसांचे काम त्या प्रमाणात वाढणार आहे.

सकाळी सात वाजता पाळी बदलली. तिने नोंदवहीत रात्रीचा प्रसंग चार ओळींत लिहिला: वेळ, उपकेंद्र, खाते कोणाचे, माणूस कोण, रिलेतील आकडे तपासले, बदल नाही. पुढच्या पाळीवर आलेल्या तरुणाने त्या ओळी वाचल्या, खाली सही केली आणि चहा येण्यापूर्वीच तिला विचारले, “त्याचा पासवर्ड बदलला ना पण?”